केळुसकर बाई आणि ओल्या फोटोंचे दिवस

शरयू केळुसकर बाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला त्या दिसल्या नाहीत, फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. मी खारबावहून भिवंडीच्या हायस्कुलात येणारी आठवीतली मुलगी. शाळेत येऊन काही आठवडेच झाले होते. त्या दिवशी टेम्पो रस्त्यात बंद पडला आणि विज्ञानाच्या तासाला मी उशिरा पोहोचले. दार ढकलले तर आत काळोख. काळोखातून कोणीतरी म्हणाले, "लवकर आत ये, दार लाव आणि भिंतीकडे बघ."

भिंतीवर आमचा रस्ता होता, पण उलटा. बाईंनी खिडक्यांना जाड काळे कागद चिकटवले होते आणि एका कागदाला रुपयाएवढे भोक पाडले होते. बाहेरचा उन्हातला सगळा रस्ता त्या भोकातून आत येऊन समोरच्या भिंतीवर पडला होता. कापडाचे तागे लादलेली हातगाडी छताच्या बाजूने चालली होती. समोरच्या टपरीवरचा माणूस खाली डोके, वर पाय करून चहा ओतत होता आणि चहा वर चालला होता. मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "बाई, हा तर टीव्ही हाय."

"टीव्हीला वीज लागते. आत्ता लोडशेडिंग आहे," बाई म्हणाल्या. "ज्यांना हे धरून ठेवायचं असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा."

शनिवारी थांबणाऱ्यांत मी होते. त्यानंतर शाळेत होते तोवर माझा एकही शनिवार दुसरीकडे गेला असेल असे मला आठवत नाही.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विज्ञानाच्या अध्यापनाविषयी त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितील. मी लिहिणार आहे ते त्या शनिवारच्या वर्गाविषयी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक खोली होती. तिथे पूर्वी फुटक्या बरण्या ठेवत. बाईंनी ती रिकामी करून घेतली, झरोका बंद केला, लाल दिवा लावला आणि दारावर आमच्याकडूनच पाटी लिहून घेतली : 'डार्करूम. विचारल्याशिवाय दार उघडू नये.' तो काळ असा होता की गावातले स्टुडिओ एकेक करून डिजिटलकडे वळत होते. त्यांच्याकडचे अडगळीत पडलेले कॅमेरे, ट्रे, फोटो मोठा करण्याचा एन्लार्जर हे सगळे बाई स्वतः जाऊन मागून आणत. "तुम्हाला नकोय ना, मग माझ्या मुलांना द्या," इतक्या सरळपणे त्या मागत की नाही म्हणणे लोकांना जमत नसे.

रोल मोजकेच असत. एक रोल पाच-सहा जणांत वाटून घ्यायचा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला थोडेच फोटो येत. बटण दाबण्याआधी शेजारच्याला सांगायचे, मी हा फोटो का काढते आहे. कारण सांगता आले नाही तर कॅमेरा पुढच्याच्या हातात. आम्हाला हा नियम जाचक वाटे. एकदा एका मुलाने कुत्र्यावर कॅमेरा रोखला आणि कारण सांगितले, "बाई, तो माझ्याकडे बघतोय म्हणून." बाईंनी ते कारण मान्य केले. तो फोटो पुढे कितीतरी दिवस डार्करूमच्या दाराला आतून लावलेला होता.

बाई स्तुती फार कमी करत. फोटो चांगला आला तर त्या तो दुसऱ्यांदा हातात घेत, बस. आम्ही सगळे त्या दुसऱ्यांदा हातात घेण्याची वाट पाहत असू. बोटांवर रसायनांचे तपकिरी डाग आणि सुती साडीला हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास हे त्यांचे रूप आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर आजही आहे. रसायनांशी काम करताना त्यांना जेवणाचेही भान राहत नसे. आम्ही डबे उघडले की त्यांना आठवण व्हायची.

या वर्गात माझी जोडीदार होती सुनंदा. ती अकलोलीजवळच्या एका पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहायची. आई-वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात. सुनंदा वर्गात बोलत नसे, पण काळोखात तिचा हात माझ्यापेक्षा सराईत होता. रोल धुण्याच्या डब्यात भरताना लाल दिवासुद्धा चालत नाही, सगळे चाचपडत करायचे असते. मी घामाघूम व्हायचे आणि ती शांतपणे म्हणायची, "दे इकडं."

एका हिवाळ्यात बाई आम्हाला अकलोलीला घेऊन गेल्या. गरम पाण्याच्या कुंडांची वाफ भिंगावर बसली आणि आमचे निम्मे फोटो धुरकट आले. परतताना सुनंदाच्या पाड्यावर थांबलो. तिची आई कॅमेरा पाहून घरात जाऊन बसली. बाईंनी आग्रह केला नाही. त्या ओटीवर बसून कोरा चहा प्यायल्या, भाताचे कसे झाले ते विचारले. निघताना आई आपणहून अंगणात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काढ पोरी, पन मना दाखवाया आन."

सुनंदाने फोटो काढला. पुढच्या सुट्टीत तो तिच्याबरोबर पाठवला असता तरी चालले असते. पण बाई म्हणाल्या, "तिनं दाखवायला सांगितलंय, पाठवायला नाही." एसटीने, मग पायी, त्या सुनंदाबरोबर पुन्हा पाड्यावर गेल्या. आईने फोटो बराच वेळ धरून पाहिला आणि विचारले, "मी अशी हाय?" बाई म्हणाल्या, "अशाच आहात." बाईंनी या भेटीचा शाळेत कधी उच्चार केला नाही. मला सुनंदाने सांगितले म्हणून कळले.

मी नववीत असताना जुलैअखेर तो मोठा पूर आला. भिवंडीकरांना त्याविषयी वेगळे सांगायला नको. कामवारी नदीचे पाणी गावात शिरले, तळमजल्यावरचे कारखाने आणि घरे बुडाली. आमची शाळाही तळमजल्याला बाकांच्या वरपर्यंत पाण्यात होती. रस्ता सुरू झाल्यावर मी शाळेत पोहोचले तेव्हा बाई डार्करूमच्या दारात गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. एन्लार्जर आडवा पडला होता. कागदाची खोकी फुगून फुटली होती. खालच्या फळीवरच्या निगेटिव्ह, म्हणजे आमच्या वर्गाचे सगळे काम आणि बाईंचे स्वतःचे काम, चिखलात भिजत होत्या.

मी एक पट्टी उचलून ओढणीला पुसायला लागले. "पुसू नकोस," बाई म्हणाल्या. "वाळूही द्यायचं नाही. फिल्मवर सरसासारखा थर असतो, वाळला की एकमेकांना चिकटतो आणि चित्र निघून येतं. स्वच्छ पाण्यात ठेवायचं आणि पाण्यातच सोडवायचं."

आम्ही बादल्या गोळा करत होतो. बाई मात्र फाटकाकडे गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. रस्त्यावर घराघरांतून गाद्या, भिजलेल्या सुताच्या गुंड्यांचे ढीग बाहेर काढले जात होते. समोरच्या चाळीपुढे एक गृहिणी लग्नाचे ओले फोटो उन्हात वाळत घालत होती. फोटो आक्रसून एकमेकांना चिकटत होते. थोडे पुढे उकिरड्यावर कोणाचा तरी अख्खा आल्बम पडला होता. बाई तो आल्बम उचलून घेऊन आल्या.

त्या दिवशी फाटकावर फळा लागला. 'ओले फोटो फेकू नका, वाळवू नका. पाण्याच्या बादलीत घालून शाळेत आणा.' मराठीत, हिंदीत आणि उर्दूत. उर्दू ओळ शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी लिहून दिली.

मुख्याध्यापकांना हे पटले नव्हते, आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नव्हते. ते म्हणाले, "बाई, गावात प्यायला पाणी नाही आणि आपण फोटो धुणार?"

"टँकरचं पाणी मी घेणार नाही, सर," बाई म्हणाल्या. "पिण्यासारखं नसलं तरी मला चालेल. फक्त चिखल नको."

"आणि ते कुठून आणणार?"

"ते मला अजून माहीत नाही."

मुख्याध्यापकांनी वरच्या मजल्याचा हॉल उघडून दिला. पाण्याची सोय मात्र होईना. शाळेच्या टाकीत तळाला जे होते ते पहिल्याच दिवशी संपले आणि फाटकावर बादल्या घेतलेल्या माणसांची रांग लागली. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्युटी करणारा एक उत्तरेकडचा माणूस प्लॅस्टिकच्या डब्यात एकच फोटो घेऊन आला होता. तो म्हणाला, "मैडम, इसमें अम्मा हैं। और कहीं नहीं हैं।" त्याने डबा खाली ठेवायला नकार दिला आणि तो हातात धरून जिन्यावर बसून राहिला.

त्याच रांगेत दुसऱ्या दिवशी मला माझे बाबा दिसले.

आमचे घर आगऱ्यांचे. बाबांची खाडीकडेला शेती होती आणि नुकतेच गोदामांचे काम त्यांनी सुरू केले होते. माझ्या शनिवारांविषयी त्यांचे मत ठरलेले होते : "पोरगी अंदारान बसून काय करते ते देवाला ठाव." ते शाळेत कधी आले नव्हते. आता हातात चौकट घेऊन उभे होते. चौकटीत माझ्या आजीचा, त्यांच्या आईचा फोटो होता. घरात पाणी शिरले तेव्हा भिंतीवरून पडून तो रात्रभर भिजला होता. आजी मी जन्मण्याआधीच गेली होती. तिचा हा एवढाच फोटो.

मी त्यांना पुढे घेऊन निघाले तशा बाई म्हणाल्या, "जयश्री, रांग आहे." मला फार ओशाळल्यासारखे झाले. बाबा मागे जाऊन रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा बाईंनी चौकट तिरपी करून पाहिली. फोटो काचेला आतून चिकटला होता.

"काच ओढली तर चेहरा काचेबरोबर जाईल," त्यांनी स्पष्ट सांगितले. "भिजवून सुटेलही, पण खात्री देता येत नाही. ओला आहे तोवर चेहरा नीट दिसतोय. आपण काचेतूनच त्याचा फोटो काढू आणि त्यावरून नवा करू."

बाबांनी विचारले, "तुमी काडाल ना?"

"नाही. तुमची मुलगी काढेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मला त्या क्षणी पळून जावेसे वाटले. बाईंनी व्हरांड्यात सावलीत चौकट ठेवली, काचेत आकाश दिसू नये म्हणून आपली काळी छत्री उघडून वर धरली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. कारण विचारले नाही. मी श्वास रोखून बटण दाबले, अंतर बदलून आणखी दोनदा दाबले.

बाबा जायला वळले आणि जिन्यावर रिकाम्या बादल्या पाहून थांबले. "पानी संपला का?"

"संपलंय," बाई म्हणाल्या.

"आमची बोर टेकाडाव हाय. तिला पुराचा पानी न्हाय लागला. संद्याकाली टेम्पोन पिंप भरून आनतो. तुमी थांबा." आणि जाता जाता म्हणाले, "पैसं इचारू नका."

पिंपे आली, आणि मग रोज येत राहिली. हॉलमध्ये ओळीने ट्रे, परात, घमेली मांडली. एका पाण्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मऊ ब्रशने चिखल काढायचा, बोट चेहऱ्यावर टेकवायचे नाही. मग दोरीवर सावलीत टांगायचे. लग्ने, बारशी, मक्केला गेलेले आजोबा, शाळेच्या गणवेशातली पोरे, सगळे एका दोरीवर. जिन्यावर बसलेल्या त्या माणसाच्या अम्मांचा फोटो सुनंदाने धुतला. एक कोपरा गेला, चेहरा राहिला. तो माणूस फोटो घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून पुन्हा आला. आम्हाला वाटले, काही बिघडले. तो बाह्या सरसावून म्हणाला, "बोलिए, क्या उठाना है?" पुढचे सगळे दिवस पाण्याची पिंपे वरच्या मजल्यावर त्याने आणि माझ्या बाबांनी चढवली. एकाला मराठी धड येत नव्हती, दुसऱ्याला हिंदी. पण त्यांचे चांगले जमले.

या सगळ्यात आमच्या निगेटिव्हच्या बादल्या हॉलच्या कोपऱ्यात होत्या. त्यांतले पाणी बदलायचे, पण धुवायचे शेवटी, असे बाईंनी ठरवले होते. आमच्यापैकी काहींना ते आवडले नव्हते. बाईंनी सांगितले, "आपण पुन्हा काढू शकतो. त्यांना पुन्हा काढता येणार नाही." आमच्या बादल्यांतही त्यांनी क्रम लावला, आधी मुलांच्या आणि अगदी शेवटी स्वतःची.

त्या शेवटच्या बादलीत बाईंची कितीतरी वर्षांची मेहनत होती. घरोघरी लूमसाठी कांड्या भरणाऱ्या, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळणाऱ्या बायकांचे फोटो. सुट्टीच्या दिवशी त्या एकट्याच ते काढत. आम्ही त्यांतले थोडेच पाहिले होते. बाईंनी पट्टी पाण्यातून वर काढली आणि खिडकीसमोर धरली. ती काचेसारखी आरपार दिसत होती. थर सुटून पाण्यात गेला होता. दुसरी पट्टी तशीच, तिसरीही. त्यांनी प्रत्येक पट्टी रीतसर धुतली आणि दोरीवर टांगली.

सुनंदा, जी कधी आपणहून बोलत नसे, तिने विचारले, "बाई, यांच्यात कोण होतं?"

बाई खुर्चीवर बसल्या आणि सांगू लागल्या. ही हमीदा, कांडी भरता भरता पोराचा पाळणा हलवते, पायाला दोरी बांधून. ही तिची सासू, हिला दिसत नाही पण धागा तुटला की बोटांना कळतो. ही शेलार गावची अनसूया, हसताना तोंडावर पदर घेते म्हणून हिचा हसरा फोटो कधी मिळाला नाही. दोरीवरच्या कोऱ्या पट्ट्यांकडे पाहत त्या बोलत राहिल्या. सासूविषयी त्यांनी सगळ्यांत जास्त सांगितले, कारण ती बाई तोवर वारली होती. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला, डबे काढा. मला भूक लागली आहे."

मला वाटते, त्या दुपारी त्या किती एकट्या होत्या हे आम्हाला कळण्याचे वय नव्हते. पण आम्ही सगळ्यांनी आपापल्या डब्यातले त्यांच्यापुढे ठेवले, आणि त्यांनी प्रत्येकाचे थोडे खाल्ले.

एन्लार्जर वाळवून, साफ करून चालू व्हायला गणपती उजाडले. पहिला फोटो आजीचा करायचा असे बाईंनी ठरवले आणि बाबांना बोलावणे पाठवले. एका दुपारी, वीज असण्याच्या वेळात, बाबा डार्करूममध्ये लाल दिव्याखाली अवघडून उभे राहिले. मी कोरा कागद ट्रेमधल्या पाण्यासारख्या रसायनात सोडला आणि ट्रे हलवू लागले. आधी कपाळावरचे कुंकू आले, मग डोळे, मग नाकातली नथ.

बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "आली."

ते ट्रेवर आणखी वाकले. मग त्यांनी बाईंना विचारले, "अजून एक व्हईल का? भावासाठी." बाई म्हणाल्या, "हवे तितके होतील. तुमच्या मुलीला सांगा." त्यांनी तो ओला फोटो चिमट्याने उचलला, दिव्याखाली पाहिला, ट्रेमध्ये ठेवला आणि दुसऱ्यांदा उचलून पाहिला. त्या दिवसानंतर माझ्या शनिवारांविषयी घरात कोणी काही बोलले नाही. उलट मला न्यायला-आणायला टेम्पो येऊ लागला.

दिवाळीनंतर बाई आम्हाला घेऊन पुन्हा त्या कांडीवाल्या बायकांकडे गेल्या. या वेळी निम्मे फोटो त्यांनी काढले, निम्मे आम्ही. हमीदाबींचे पोर आता चालत होते, त्यामुळे पाळण्याचा फोटो पुन्हा मिळाला नाही, पण दोरी कुरतडणाऱ्या त्या पोराचा मिळाला. अनसूयाबाईंनी सुनंदाच्या कॅमेऱ्यापुढे पदर बाजूला करून हसून दाखवले. कोणत्या युक्तीने ते सुनंदा आजही सांगत नाही. त्या फोटोंचे प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये भरले तेव्हा पहिल्या प्रेक्षक त्याच बायका होत्या. हमीदाबी आपल्या फोटोपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "मैं इतनी मोटी हूँ क्या?" आणि बाई गंभीरपणे म्हणाल्या, "लेन्स की गलती है।" बाईंना इतक्या मोकळेपणाने खोटे बोलताना आम्ही तेवढे एकदाच ऐकले.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि डार्करूमच्या जागी संगणकाची खोली आली. आम्हा माजी विद्यार्थ्यांना वाईट वाटले. बाईंना वाटले नाही. "मुलांना तेच लागणार आहे आता. खोली रिकामी तर नाही ना पडली?" असे त्यांनी आम्हालाच समजावले. सुनंदा एका ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढते. नोकरी लागली तेव्हा तिने बाईंना पहिला फोन केला : "बाई, इथं पण काळोखाची खोली हाय." मी खारबावच्याच शाळेत विज्ञान शिकवते. आमच्यापैकी कोणी मोठा छायाचित्रकार झाला नाही, आणि बाईंनी तशी अपेक्षाही कधी धरली नाही. समोरच्या माणसाकडे थांबून पाहायची सवय आम्हाला त्यांनी लावली. ती आमच्या कामात रोज उपयोगी पडते.

गेल्या महिन्यात बाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. मी घाबरून उचलला.

"जयश्री, समोरच्या गॅलरीत एक साडी वाळत घातली आहे," त्या म्हणाल्या. "मी इतके दिवस ती करडी समजत होते. निळी आहे ग. इतकी निळी असते, हे मी विसरूनच गेले होते."

त्यानंतर अर्धा तास त्या मला खिडकीतून काय काय दिसते ते सांगत होत्या, आणि मी शाळेला उशीर होत असूनही ऐकत होते. बाई, अशा कितीतरी सकाळी आपल्या वाट्याला येवोत. प्रकृती ठणठणीत राहो, डोळे असेच लख्ख राहोत, आणि काही नवे दिसले की आम्हाला असाच फोन करत राहा.